भोर घाटात मालगाडी टिपायची तर: नवख्यांसाठी पायरीपायरीने

भोर घाटातल्या रेल्वेचे फोटो म्हटलं की बहुतेक जण डेक्कन क्वीनच्या मागे लागतात. ती वेळेवर येते, छान दिसते आणि दोन मिनिटांत काम होतं. पण हा घाट काय चीज आहे हे कळायला मालगाडीच बघावी लागते. कर्जत ते लोणावळा हे अंतर जेमतेम २८ किलोमीटर, आणि तेवढ्यात मार्ग साधारण साडेपाचशे मीटर वर चढतो. सगळ्यात खडा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की १ मीटर वर. भरलेली मालगाडी हा चढ पुढच्या इंजिनाच्या एकट्याच्या बळावर चढत नाही. तिला मागून दोन-तीन इंजिनं ढकलतात. त्यांना सगळे बँकर म्हणतात.

म्हणून एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा: घाटातल्या मालगाडीला दोन तोंडं असतात. नवखा माणूस पुढचं इंजिन टिपतो, कॅमेरा खाली घेतो, आणि खरा फोटो मागून निघून जातो.

१. आधी कायदा, मग कॅमेरा

इंटरनेटवर दिसणारे घाटातल्या मंकी हिल, नागनाथ, ठाकूरवाडी या जागांचे बरेचसे देखणे फोटो रुळांच्या कडेने चालत जाऊन काढलेले असतात. तसं करू नका. परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. त्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिक्षेपेक्षा मोठं कारण घाटातच आहे. इथे तीन मार्ग शेजारी शेजारी आहेत आणि मधल्या मार्गावरून गाड्या दोन्ही दिशांनी येतात. उताराने येणारी गाडी फारसा आवाज करत नाही, आणि चढणारी मालगाडी शेजारून जात असेल तर दुसरी गाडी ऐकूच येत नाही. बोगद्यात बाजूला व्हायला जागा किती असते, ते डब्याच्या खिडकीतून एकदा बघून घ्या.

स्टेशनवर तिकीट काढून, फलाटाच्या पिवळ्या पट्टीच्या आत उभं राहून हौसेने काढलेल्या फोटोंना सहसा कोणी हरकत घेत नाही. ट्रायपॉड उभा केला, रिफ्लेक्टर काढला किंवा सोबत नटवलेली मॉडेल असली की प्रश्न सुरू होतात. व्यावसायिक चित्रीकरण असेल तर मध्य रेल्वेच्या जनसंपर्क विभागाकडून लेखी परवानगी घ्यावीच लागते. आरपीएफचा (रेल्वे सुरक्षा दलाचा) जवान किंवा स्टेशन मास्तर 'बंद करा' म्हणाले तर बंद करा. नियमाचं पुस्तक काढून वाद घातलात तर पुढच्या हौशी माणसाचीही वाट बंद होते.

ड्रोन घरी ठेवा. वर २५ हजार व्होल्टच्या तारा, दरीतून उसळणारा वारा, आणि रेल्वेवरून उडवायला परवानगी नाही, एवढं पुरे.

सोबत ठेवायची कागदपत्रं:

- प्रवासाचं किंवा प्लॅटफॉर्म तिकीट. प्लॅटफॉर्म तिकीट २ तासच चालतं. मालगाडीची वाट बघताना ते हमखास उलटून जातं, म्हणून मोबाइलवर गजर लावा.
- आधार किंवा दुसरं कुठलंही फोटो असलेलं ओळखपत्र.
- कॅमेऱ्याच्या आणि लेन्सच्या सीरियल नंबरचा फोटो, मोबाइलमध्ये.
- रेल्वेचा १३९ हा मदत क्रमांक. रुळावर दरड, माणूस किंवा जनावर दिसलं तर आधी स्टेशन मास्तरांना सांगा, ते जवळ नसतील तर हा नंबर लावा.

२. 'अप' आणि 'डाऊन' नीट समजून घ्या

या एका शब्दावर भले भले फसतात. मध्य रेल्वेत मुंबईहून दूर जाणारी गाडी 'डाऊन' आणि मुंबईकडे येणारी 'अप'. म्हणजे भोर घाटात डाऊन गाडी घाट चढते आणि अप गाडी घाट उतरते. फलाटावर कोणी 'डाऊनला मालगाडी आहे' असं म्हणालं, तर ती कर्जतकडून वर येणार आणि बँकर तिच्या मागे असणार. शब्दाचा सरळ अर्थ घेऊन उलट्या टोकाला जाऊन बसलात, तर मालगाडीची शेपटी लांबून दिसेल.

बँकर मागेच का, हेही कळलं पाहिजे, कारण फोटो कुठून घ्यायचा हे त्यावरच ठरतं. सगळी इंजिनं पुढे लावली तर पूर्ण गाडीची ओढ पहिल्या काही वॅगनांच्या कपलिंगवर, म्हणजे डबे एकमेकांना जोडणाऱ्या सांध्यावर, येईल आणि ते तुटायची भीती राहील. मागून ढकललं की भार वाटला जातो. शिवाय मधेच कपलिंग तुटलंच, तर मागचे डबे उताराला लागत नाहीत, बँकर त्यांना धरून ठेवतात.

उताराची गंमत वेगळी आहे. घाटात मंकी हिल, ठाकूरवाडीसारख्या ठिकाणी कॅच साइडिंग आहेत: ताबा सुटलेली गाडी वळवून चढावर घालायचा आंधळा फाटा. तिथे उतरणाऱ्या गाडीला थांबून आपण ताब्यात असल्याचं सिद्ध करावं लागतं, मगच पुढचा सिग्नल मिळतो. म्हणून अप मालगाडी घाटात रेंगाळत उतरते. लोणावळ्याहून ती सुटताना बघितली, तरी खाली कर्जतला ती अमुक मिनिटांनी येईल असा हिशेब करू नका.

३. जागा निवडा

कर्जत. शिकायला यासारखी जागा नाही. मुंबईहून थेट लोकल येते आणि चहा-वडापावची सोय आहे. घाट चढणाऱ्या मालगाडीला बँकर इथेच लागतात, त्यामुळे गाडी काही मिनिटं तरी थांबते आणि तुम्हाला श्वास घ्यायला वेळ मिळतो. कोणताही फलाट असो, पुण्याकडच्या टोकाला पुढचं इंजिन आणि मुंबईकडच्या टोकाला बँकर, हे लक्षात ठेवून कुठल्या टोकाला थांबायचं ते आधीच ठरवा. गाडी ७०० मीटर लांब असते, दोन्ही टोकं पळत गाठता येत नाहीत.

पळसदरी. कर्जतहून खोपोली लोकलने पुढचंच स्टेशन. खोपोलीचा फाटा इथून वेगळा होतो आणि मुख्य मार्ग घाटाच्या अंगाला लागतो. मागे डोंगर, गर्दी कमी. खोपोली लोकल मात्र मोजक्याच असतात, परतीची आधी बघून ठेवा.

खंडाळा. झाडीतलं, शांत, पावसाळ्यात धुक्यात बुडालेलं स्टेशन. इथे थांबणाऱ्या गाड्या फारच थोड्या, त्यामुळे लोणावळ्याला उतरून रिक्षाने यावं लागतं. माकडं धीट आहेत. बॅगेची चेन उघडी ठेवून व्ह्यूफाइंडरला डोळा लावलात, तर सँडविच जाईल आणि त्याच्यासोबत कधी लेन्सचं झाकणही.

लोणावळा. बँकर इथे सुटतात. काम संपलेले बँकर एकमेकांना जोडून, माळेसारखे, परत कर्जतला उतरतात. दोन-तीन इंजिनांची ही मोकळी माळ फोटोला फार छान, आणि तिच्याकडे कोणी बघतही नाही.

कड्यावरचे पॉइंट. खंडाळ्याच्या राजमाची पॉइंटसारख्या जागांवरून उल्हास नदीचं खोरं दिसतं. इथे आल्या आल्या कॅमेरा काढू नका. आधी साध्या डोळ्यांनी रूळ, खांब आणि बोगद्याची तोंडं शोधा. पावसाळ्यात आणि नंतरचे दोन-तीन महिने झाडी इतकी असते की मार्ग तुकड्यातुकड्यानेच दिसतो. फेब्रुवारीनंतर पानगळ झाली की तो उघडा पडतो, पण तेव्हा हवेत धुरकट तांबूस पडदा असतो. कठड्याच्या पलीकडे पाऊल नको.

प्रवासी गाडीची खिडकी. ही जागा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. मुंबईहून जाताना डावीकडची आणि पुण्याहून येताना उजवीकडची खिडकी घ्या, म्हणजे दरी तुमच्या बाजूला येते. शेजारच्या मार्गावर सिग्नलला उभ्या मालगाड्या हाताच्या अंतरावरून दिसतात. दारात लटकू नका, हात किंवा कॅमेरा बाहेर काढू नका. बोगद्याची भिंत आणि खांब खूप जवळून जातात.

४. मालगाडी कधी येईल, हे कसं ओळखायचं

मालगाडीचं वेळापत्रक तुम्हाआम्हाला कुठे मिळत नाही. एनटीईएसवर, म्हणजे रेल्वेच्या गाडी-चौकशीच्या साइटवर, फक्त प्रवासी गाड्या दिसतात. त्याचाच उलटा उपयोग करायचा: प्रवासी गाड्या बघा आणि मोकळ्या जागा शोधा. सकाळी मुंबईहून पुण्याकडे आणि पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली असते, तेव्हा मालगाडीला सहसा बाजूला उभं करतात. रांग सरली की तिला सोडतात. पुढे-मागे तासभर प्रवासी गाडी नाही असा काळ सापडला तर ठाण मांडून बसा.

फलाटावरच्या खुणा जास्त भरवशाच्या आहेत. कर्जतला दोन-तीन इंजिनं जोडून तयार उभी असतील आणि त्यांच्यात माणसं बसलेली असतील, तर चढणारी गाडी जवळ आली आहे. ती एक्सप्रेसही असू शकते, कारण बँकर अनेक एक्सप्रेसनाही लागतात; एनटीईएसवर तेवढ्यात काही दिसत नसेल तर मालगाडीच समजा. दुसरी खूण भोंग्याची. सुटण्याआधी पुढचं इंजिन भोंगा देतं आणि मागून बँकर उत्तर देतो. दूरवरून असे दोन वेगवेगळे आवाज एकामागून एक आले की कॅमेरा हातात घ्या. मग कपलिंग ताणली जातात आणि खडखडाट एका वॅगनवरून दुसरीवर सरकत जातो. तो तुमच्यापर्यंत पोचला की गाडी हललीच.

दिवसभरात दोन चांगल्या मालगाड्या मिळाल्या तर दिवस सार्थकी. एकही न मिळणं यातही काही वावगं नाही. दरड, ब्लॉक किंवा खोळंबा असेल तर घाट तासन्‌तास सुना पडतो.

५. ऊन कुठल्या बाजूचं

कर्जतहून लोणावळ्याकडे मार्ग ढोबळमानाने दक्षिण-आग्नेयेला जातो. चढणाऱ्या गाडीचं तोंड त्यामुळे सकाळी उजळतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून खाली खाली जातो, डिसेंबरात भर दुपारीही तो जेमतेम ४८ अंशांवर असतो, म्हणून त्या दिवसांत चढणाऱ्या गाडीचा चेहरा जवळजवळ दिवसभर उन्हात राहतो. उतरणाऱ्या गाडीला दुपारनंतरचं, पश्चिमेचं ऊन हवं; हिवाळ्यात तिचं तोंड दुपारपर्यंत काळंच येतं.

मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो. इंजिनाच्या काचा काळ्या, छप्पर पांढरंफट. ११ ते ३ या वेळात जेवून घ्या.

घाटात वळणं इतकी आहेत की हा नियम प्रत्येक वळणावर थोडा मोडतो. त्यात डोंगराची सावली: खोऱ्याच्या तळाशी ऊन उशिरा पोचतं आणि लवकर जातं. ढगाळ दिवशी मात्र ही सगळी डोकेदुखी संपते, आणि म्हणूनच जुलै-ऑगस्ट हा या घाटाचा खरा मोसम.

६. सामान

- २४–७० मिमी आणि ७०–२०० मिमी अशा दोन लेन्स पुरतात. एकच न्यायची असेल तर ७०–२००. मोबाइल असेल तर दुप्पट झूमच्या पुढे जाऊ नका.
- पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायचा फिल्टर. ओल्या पानांवरची आणि ओल्या वॅगनांवरची चकाकी तो काढतो. पण तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), म्हणून गडद ढगांत काढून ठेवा.
- कॅमेऱ्याचं पावसाळी आवरण. नसेल तर जाड प्लॅस्टिकची पिशवी आणि दोन रबरबँड.
- सुती कापडाचे तीन-चार तुकडे. एक ओला झाला की परत वापरायचा नाही.
- बॅटरी दोन, सिलिका जेल, पाणी, आणि नकाशा आधीच उतरवून ठेवलेला मोबाइल. दरीत नेटवर्क येतं-जातं.

छत्री, मोनोपॉड, सेल्फी स्टिक यातलं काहीही पादचारी पुलावरून तारांच्या दिशेने वर धरू नका. तारेला हात लागायचीही गरज नसते, दोन मीटरच्या आत गेलात तरी वीज उडी मारू शकते. ओली छत्री तर अजिबात नको.

एसी खोलीतून किंवा गाडीतून बाहेर येताना कॅमेरा पिशवीत बंदच राहू द्या. दमट हवेत थंड काचेवर लगेच वाफ धरते, आणि ती पुसत बसलात तर आतल्या काचेवरची राहतेच. वीस-तीस मिनिटं थांबा.

७. कॅमेऱ्याची जुळणी

चढणारी मालगाडी ताशी पंचवीस-तीस किलोमीटरने येते. तरी शटर १/५०० सेकंद ठेवा, कारण गाडी हळू असली तरी हात हलतो. सरळ समोरून येत असेल तर १/२५० ही चालेल. छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/८. वळणावर पूर्ण गाडी दाखवायची असेल आणि उजेड असेल तर एफ/११. आयएसओ उन्हात १००–२००, पावसाळी ढगांत ८०० ते १६००. दाणे आले तर येऊ द्या. हललेल्या फोटोला इलाज नाही.

एक्सपोजर पाऊण स्टॉप कमी करा. इंजिनाचा हेडलाइट मीटरला फसवतो, आणि हेडलाइटभोवतीचा पांढरा झालेला भाग नंतर परत मिळत नाही. सावल्या थोड्याफार उजळता येतात. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढत असाल तर हे आणखी खरं.

फोकस सतत पाठलाग करणारा ठेवा आणि बिंदू इंजिनाच्या काचेवर, हेडलाइटवर नाही.

आता नवख्यांची सगळ्यात मोठी चूक: खांब. विद्युत खांब सरळ मार्गावर जास्तीत जास्त ७२ मीटरवर असतात, वळणावर त्याहून जवळ. घाईत दाबलेल्या फोटोत नेमका एक खांब इंजिनाच्या तोंडावर उभा असतो. उपाय साधा आहे. गाडी यायच्या आधी रिकाम्या रुळांचा एक फोटो काढा. त्यात दोन खांबांच्या मधली अशी जागा शोधा, जिथे इंजिन पूर्ण मोकळं दिसेल. तिथली खूण लक्षात ठेवा: एखादा दगड, स्लीपरवरचा चुन्याचा पट्टा, सिग्नलची पेटी. इंजिनाचं नाक त्या खुणेवर आलं की तीन-चार फोटो, बस्स. बर्स्ट लावून चाळीस फोटो काढलेत तर रात्री त्यातले एकोणचाळीस पुसत बसाल.

पॅनिंग, म्हणजे गाडीसोबत कॅमेरा फिरवत फोटो, करायचं असेल तर १/३० ते १/६०, लांब पल्ल्याची लेन्स, आणि गाडी तुमच्या बरोबर समोरून आडवी जात असताना. एवढ्या हळू गाडीला १/१२५ वर मागची झाडी पुरेशी पुसली जात नाही.

८. मधली शंभर सेकंदं

ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ७ मीटर. ७०० मीटरची गाडी तुमच्यासमोरून जायला शंभर सेकंद घेते. ही शंभर सेकंदं वाया घालवू नका.

पहिल्या दहा सेकंदांत पुढचा फोटो पडद्यावर तपासायचा मोह आवरा. त्याऐवजी वळून बँकरसाठीची चौकट ठरवा, एक्सपोजर बदलायचं तर बदला, कारण उजेड आता दुसऱ्या बाजूने आहे. मग वॅगनांकडे बघा. बंद वॅगनांत सिमेंट, खत, धान्य, साखर. गोल टाक्यांत पेट्रोल-डिझेल. सपाट वॅगनांवर कंटेनर. उघड्या खोक्यांत कोळसा. वॅगनवर ११ आकडी नंबर असतो. पहिले दोन आकडे वॅगनचा प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, पाचवा-सहावा बांधणीचं साल, मग चार आकडे त्या वॅगनचे स्वतःचे आणि शेवटचा पडताळणीचा. गंज चढलेल्या दरवाजाचा आणि या नंबराचा जवळून काढलेला एखादा फोटो पूर्ण गाडीच्या फोटोशेजारी ठेवायला चांगला.

आता बँकर येतील. ते आधी आवाजाने कळतात. इंजिनांचे ब्लोअर (थंड करणारे पंखे) एका पट्टीत गरजत असतात, आणि फलाटाच्या फरशीतून थरथर पायाला लागते. इथे शेपटीकडच्या एक-दोन वॅगनही चौकटीत घ्या. नुसती इंजिनं घेतलीत तर ती ढकलत आहेत की रिकामी चालली आहेत, हे बघणाऱ्याला कळत नाही. गाडी पुढे गेल्यावर मागून, वळणात शिरताना काढलेला फोटो कधी कधी सगळ्यात बरा निघतो: समोर बँकरची पाठ, आणि वळणापलीकडे डोंगराच्या पोटात गाडीचा पुढचा भाग.

इंजिनावर पिवळा दिवा लुकलुकत असेल तर तो सजावटीचा नाही. गाडी अडचणीत आहे, शेजारच्या मार्गाला धोका असू शकतो, असा त्याचा अर्थ. फोटो सोडा, कडेपासून मागे व्हा, कर्मचाऱ्यांना काम करू द्या.

९. घरी आल्यावर

त्याच रात्री तारीख, जागा, दिशा आणि इंजिन क्रमांक लिहून ठेवा. पाच आकडी क्रमांकावरून इंजिनाची जात कळते: मालगाडीच्या इंजिनांत २७ किंवा २८ ने सुरू होणारे बहुतेक डब्ल्यूएजी-७, ३१, ३२ किंवा ३३ ने सुरू होणारे डब्ल्यूएजी-९, ६० ने सुरू होणारं म्हणजे १२ हजार अश्वशक्तीचं, दोन भागांचं डब्ल्यूएजी-१२. इंजिनाच्या अंगावर त्याच्या शेडचं (जिथे त्याची देखभाल होते त्या आगाराचं) नावही रंगवलेलं असतं. बँकरचे क्रमांक वेगळे लिहा. पुढच्या खेपेला तेच इंजिन परत भेटायची शक्यता भरपूर, कारण बँकरचं आयुष्य याच घाटात वर-खाली करण्यात जातं.

फोटो टाकताना फलाट आणि स्टेशन सांगायला हरकत नाही. रुळांच्या कडेची एखादी धोक्याची जागा कळली असेल, तर तिचा नकाशावरचा ठिपका देऊ नका.

ओला कॅमेरा बॅगेत बंद करून झोपू नका. लेन्स उतरवून, सिलिका जेलसोबत, पंख्याखाली ठेवा. बुरशी पावसाळ्यात आठवड्याभरात धरते.